जालस्विचांचे दूरनियंत्रण (नांदेड व लातूर)

संगणक-जालातील स्विचजवळ न जाता दूरच्या संगणकावरून लिखित आज्ञा देऊन त्याची जुळणी व देखरेख करण्याची पद्धती. नांदेड व लातूर जिल्ह्यांत कार्यालये व गावे दूरदूर विखुरलेली असल्याने तिला तेथे विशेष महत्त्व आहे.

पूर्वेतिहास : हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, लातूर हा स्वतंत्र जिल्हा १९८२ मध्ये झाला. जुन्या दूरध्वनी केंद्रांत जोडणी माणसाच्या हाताने होई. स्ट्रौजर पद्धतीच्या (१८९१) स्वयंचलित केंद्रांतही धातूचे स्पर्शक स्वच्छ ठेवण्यासाठी कारागीर लागे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने वातानुकूलनाशिवाय चालणारे ग्रामीण अंकीय केंद्र विकसित केले. त्यातील पहिले १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे सुरू झाले. अशा केंद्रांत जोडणी संगणकीय आज्ञावलीने होत असल्याने दुरुस्तीच्या हत्यारांइतकेच आज्ञेलाही महत्त्व आले. त्याच दशकात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘निकनेट’ या उपग्रहजालाने देशातील जिल्हा मुख्यालये जोडली.

कार्य : ईथरनेट स्विच ‘कल्पना’ या अमेरिकन कंपनीने १९९० मध्ये प्रथम बाजारात आणला, विनोद भारद्वाज हे तिचे एक संस्थापक होत. प्रत्येक संगणक कोणत्या द्वाराशी जोडलेला आहे, याची सारणी स्विच स्वतः तयार करतो व माहिती फक्त योग्य द्वाराकडे पाठवितो. स्विचला स्वतंत्र पत्ता दिला की तंत्रज्ञ दुरून एखादे द्वार बंद करू शकतो किंवा लेखा व प्रशासन शाखांची जाले एकाच यंत्रात वेगळी ठेवू शकतो.

सुरक्षितता : १९६९ पासून विकसित झालेल्या टेलनेट पद्धतीत परवलीचा शब्द उघडाच प्रवास करीत असे. हेलसिंकी येथील टाटू इलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच ही कूटबद्ध पद्धती तयार केली. पुढे तीच रूढ झाली.

मर्यादा : दिलेली आज्ञा स्विचच्या चालू स्मृतीत तत्काळ लागू होते, पण कायम स्मृतीत जतन न केल्यास वीज जाताच नष्ट होते. दीर्घ भारनियमन अनुभवलेल्या प्रदेशात ही बाब क्षुल्लक नव्हे. चुकीच्या आज्ञेने तंत्रज्ञाचा स्वतःचाच मार्ग तुटण्याचा संभव असतो. म्हणून जोखमीच्या बदलापूर्वी, ठराविक मिनिटांनी स्विच पुन्हा सुरू व्हावा अशी आज्ञा देऊन ठेवतात. संपर्क तुटल्यास तो जतन केलेल्या पूर्वीच्या जुळणीवर परततो. बदल यशस्वी झाल्यास ही आज्ञा रद्द करतात. महत्त्वाच्या ठिकाणी नियंत्रणासाठी वेगळी वाहिनीही राखतात.

तथापि वीज व तारा दोन्ही निकामी झाल्यास दूरची आज्ञा पोहोचतच नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात भूकंप होऊन सु. १०,००० लोक मृत्युमुखी पडले. अशा आपत्तीत मदतीसाठी संपर्काची सर्वाधिक निकड असते आणि नेमके तेव्हाच दूरनियंत्रण खुंटते. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशीय तंतू नेण्याची योजना केंद्र शासनाने २०११ मध्ये मंजूर केल्यानंतर जालाचा विस्तार खेड्यांपर्यंत होऊ लागला. दूरनियंत्रणामुळे तंत्रज्ञाच्या फेऱ्या कमी होतात. मात्र जागेवर जाऊन यंत्र हाताळू शकणाऱ्या स्थानिक माणसाची गरज त्यामुळे संपत नाही.