अड्यारमधील दोन संस्था आणि तंबाखूचा राहून गेलेला प्रश्न

तंबाखूविरुद्धचा शासकीय प्रयत्न आणि समलिंगी व तृतीयपंथी समाजाशी शासनाचा आलेला संबंध, हे दोन विषय एकाच लेखात आलेले पाहून काही वाचकांस आश्चर्य वाटेल. सचिवालयात या दोन विषयांच्या नस्त्या वेगवेगळ्या कपाटांत असतात. परंतु चेन्नई शहराचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास पाहिला, तर हे दोन प्रवाह एकमेकांच्या अगदी जवळून वाहत आले आहेत असे दिसते. त्यांचा संगम शासनाच्या योजनेत का झाला नाही आणि तो आता कसा घडवता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या इतिहासाचा आरंभ एका मराठी नावाने होतो, ही गोष्ट आपल्याकडे फारशी ज्ञात नाही. डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे. चामड्याच्या व्यापारानिमित्त मद्रासला स्थायिक झालेल्या महाराष्ट्रीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मद्रास मेडिकल कॉलेजात त्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. १९८६ साली त्यांच्या मार्गदर्शनाखाली डॉ. निर्मला या विद्यार्थिनीने शासकीय सुधारगृहातील देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले, ते वेल्लोरला तपासले गेले आणि भारतात एचआयव्हीचा शिरकाव झाल्याचे प्रथमच सिद्ध झाले. १९९३ साली सुनीतीबाईंनी गायतोंडे हेच नाव धारण करणारे एड्स संशोधन व शिक्षण केंद्र चेन्नईत उभारले. २०१५ साली त्यांचे निधन झाले आणि २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली.

या शोधानंतर शासनापुढे एक अपरिचित अडचण उभी राहिली. ज्या लोकांपर्यंत पोहोचावयाचे, त्यांतील अनेक जण कायद्याच्या भीतीने लपून राहणारे होते. भारतीय दंड संहितेच्या ३७७व्या कलमाने पुरुषांमधील समलिंगी संबंध हा गुन्हा ठरविला होता. तृतीयपंथीयांना घर नव्हते, शिधापत्रिका नव्हती आणि पोलिसांखेरीज शासनाचा दुसरा चेहरा त्यांनी क्वचितच पाहिला होता. अशा माणसांच्या दारी सरकारी आरोग्यसेवक गेला, तर दार उघडणार कोण?

तामिळनाडूने यावर जे उत्तर शोधले, ते प्रशासनाच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९९४ साली राज्य एड्स नियंत्रण संस्था ही स्वतंत्र नोंदणीकृत सोसायटी म्हणून स्थापन झाली. कोषागाराच्या संथ चालीतून निधी मोकळा करणे, हा त्यामागील उघड हेतू होता. देशात हा पहिलाच प्रयोग होता आणि पुढे इतर राज्यांनीही तो अनुसरला. १९९५ साली अमेरिकी साहाय्याने एड्स प्रतिबंध व नियंत्रण प्रकल्प सुरू झाला. त्याची धुरा डॉ. के. एस. संजीवी यांनी १९५८ साली स्थापिलेल्या, अड्यार परिसरातील ‘व्हॉलंटरी हेल्थ सर्व्हिसेस’ या स्वयंसेवी रुग्णालयाकडे सोपविण्यात आली. या रुग्णालयाने लहान स्थानिक संस्थांना हाताशी धरले. १९९८ साली चेन्नईत ‘सहोदरन’ ही समलिंगी पुरुष व तृतीयपंथीयांमध्ये काम करणारी संस्था उभी राहिली. शासन निधी देणार, रुग्णालय हिशेब व वैद्यकीय बाजू सांभाळणार आणि समाजातीलच माणूस आपल्या माणसाशी बोलणार, अशी ही तीन पदरी भागीदारी होती. आपल्याकडे मुंबईत १९९४ साली स्थापन झालेल्या ‘हमसफर ट्रस्ट’चा मार्गही याहून फार वेगळा नव्हता. त्या संस्थेला वाकोल्यातील महापालिकेच्या इमारतीत जागा मिळाली, हीदेखील अशीच एक भागीदारी होय.

या भागीदारीचे फळ केवळ रोगनियंत्रणापुरते राहिले नाही. ज्यांना शासनाने प्रथम ‘धोक्याचा गट’ म्हणून मोजले, ते हळूहळू नागरिक म्हणून शासनाशी बोलू लागले. एप्रिल २००८ मध्ये तामिळनाडूने तृतीयपंथीयांसाठी देशातील पहिले कल्याण मंडळ स्थापन केले. शिधापत्रिका, घरकुल, शिक्षण, शासकीय रुग्णालयातील शस्त्रक्रिया हे विषय प्रथमच रीतसर कार्यक्रमपत्रिकेवर आले.

आता दुसऱ्या प्रवाहाकडे वळू. त्याच अड्यारमध्ये डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या प्रयत्नांतून १९५४ साली कर्करोग संस्था सुरू झाली व पुढे डॉ. व्ही. शांता यांनी ती आयुष्यभर सांभाळली. २००२ साली जागतिक आरोग्य संघटना व केंद्र शासन यांनी देशात तेरा तंबाखूमुक्ती केंद्रे उघडली, त्यांतील एक या संस्थेत होते. २००३ साली तंबाखू नियंत्रणाचा केंद्रीय कायदा झाला. २००७-०८ मध्ये राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा पहिल्या राज्यांत तामिळनाडूचा समावेश होता.

२००८ हे वर्ष तर विलक्षणच म्हटले पाहिजे. मद्रास मेडिकल कॉलेजचेच विद्यार्थी असलेले डॉ. अंबुमणी रामदास तेव्हा केंद्रीय आरोग्यमंत्री होते. त्या वर्षी ऑगस्टमध्ये मेक्सिको येथील आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेत त्यांनी ३७७वे कलम जावयास हवे, अशी भूमिका मांडली. दोनच महिन्यांनी, २ ऑक्टोबरला, सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे सुधारित नियम त्यांच्याच मंत्रालयाने अमलात आणले. दिल्ली उच्च न्यायालयात मात्र गृह मंत्रालय व आरोग्य यंत्रणा यांनी या कलमाविषयी परस्परविरोधी शपथपत्रे सादर केली होती. म्हणजे दोन्ही प्रश्न एकाच मंत्र्याच्या मेजावर होते, परंतु ते दोन स्वतंत्र प्रश्न म्हणूनच तेथे होते.

ते खरोखर स्वतंत्र आहेत काय? याचे उत्तर चेन्नईतच मिळते. २००३ साली डॉ. गजलक्ष्मी आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. चेन्नई शहर व विल्लुपुरम जिल्ह्याचा ग्रामीण भाग येथील ४३,००० प्रौढ पुरुषांच्या मृत्यूंची त्यात छाननी होती. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये क्षयाने मरण्याचे प्रमाण न करणाऱ्यांच्या सुमारे चौपट आढळले. क्षय हाच एचआयव्हीबाधितांचा सर्वांत मोठा संधिसाधू शत्रू. तेव्हा एचआयव्हीपासून वाचविलेल्या माणसाच्या हाती विडी तशीच राहू देणे, म्हणजे पुढचे दार बंद करून मागचे उघडे ठेवण्यासारखे आहे. आणि हे विल्लुपुरम म्हणजे तोच जिल्हा, जेथील कूवागम गावी चैत्रातील उत्सवास देशभरातून तृतीयपंथी जमत असत. २०१९ नंतर ते गाव नव्या कल्लकुरिची जिल्ह्यात गेले. तेथे एड्सविषयी जागृतीची शिबिरे भरली, ती योग्यच होती.

तंबाखूच्या व्यापाऱ्यांनी मात्र हे नाते आपल्या आधी ओळखले. १९९०च्या दशकात एका मोठ्या अमेरिकी सिगारेट कंपनीने सॅन फ्रान्सिस्कोतील समलिंगी व बेघर लोकांना गिऱ्हाईक करण्याची खास योजना आखली होती आणि तिला दिलेले नाव इंग्रजीत ‘गाळ’ या अर्थाचे होते. कंपन्यांचे अंतर्गत कागद खुले झाले तेव्हा ही गोष्ट उजेडात आली. एकटेपणा, घरातून झालेली हकालपट्टी, रात्रीचे काम आणि सततची भीती यांतून व्यसन जडते, हे बाजाराला कळले होते.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला येथे एक साधा हिशेब दिसतो. लपून राहणाऱ्या समाजाचा विश्वास संपादन करणे हा सर्वांत मोठा खर्च असतो, आणि तो एड्स कार्यक्रमाने आधीच केलेला आहे. पीअर एज्युकेटर आहेत, बसण्याउठण्याची केंद्रे आहेत, रुग्णालयाशी ओळख आहे. त्याच भेटीत तंबाखूविषयी चार वाक्ये बोलण्याचा सीमांत खर्च नगण्य आहे. मग हे सर्वत्र का होत नाही? कारण प्रकल्पाचा निधी ठरावीक निर्देशकांवर मिळतो. किती निरोध वाटले, किती जणांची तपासणी झाली, हे विचारले जाते. जे विचारले जात नाही, ते कार्यकर्त्याने स्वतःच्या वेळात करावयाचे.

मोजणीची हीच उणीव वरपर्यंत गेलेली आहे. प्रौढांच्या तंबाखू सेवनाच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात २००९-१० ते २०१६-१७ या काळात देशाचे प्रमाण ३४.६ टक्क्यांवरून २८.६ टक्क्यांवर उतरले. तामिळनाडूचे मात्र १६.२ वरून २०.० टक्क्यांवर चढले. या वाढीत तृतीयपंथीयांचा वाटा किती, हे मुख्य तक्त्यांतून कळत नाही, कारण त्यांत पुरुष व स्त्री असे दोनच स्तंभ आहेत. २०११च्या जनगणनेने मात्र ‘इतर’ या रकान्यात देशात ४,८७,८०३ आणि तामिळनाडूत २२,३६४ माणसे नोंदविली होती. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली, २०१८ साली ३७७व्या कलमाचा काच सुटला. २०१९च्या तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याच्या आरोग्यविषयक १५व्या कलमाने एचआयव्ही पाहणी केंद्रांचा नामनिर्देश केला, तंबाखूचा नाही. या समाजाचे शरीर कायद्यालाही अजून एका रोगापुरतेच दिसते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

काही वर्षांपूर्वी एका दवाखान्यातील तंबाखूमुक्ती समुपदेशनाचा छापील नमुना माझ्या पाहण्यात आला. ‘व्यसनामुळे पत्नी व मुलांना होणारा त्रास’ असा त्यात एक प्रश्न होता. ज्याला कुटुंबाने टाकले आहे, त्याने तेथे काय लिहावे? नमुना करणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. त्याच्या डोळ्यांसमोर तो माणूसच नव्हता, एवढेच.

उपाय अवघड नाहीत. लक्ष्यगट प्रकल्पांच्या नोंदवहीत तंबाखूचा एक प्रश्न घालावा आणि त्यास निधीचा निर्देशक करावे. तंबाखूमुक्ती केंद्रांनी पीअर एज्युकेटरना प्रशिक्षण द्यावे आणि समुपदेशनाचे नमुने त्यांच्याकडूनच तपासून घ्यावेत. कल्याण मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय यावा आणि पुढील सर्वेक्षणात तिसरा स्तंभ असावा. यासाठी नवी यंत्रणा नको, असलेल्या दोन यंत्रणांची एक संयुक्त बैठक पुरेशी आहे.

१९८६ साली प्रयोगशाळेतील एका प्राध्यापिकेने, जो प्रश्न कोणी विचारत नव्हते तो विचारला आणि त्यातून एवढी मोठी व्यवस्था उभी राहिली. त्या व्यवस्थेने आता आणखी एक प्रश्न विचारावा, एवढीच अपेक्षा आहे.