बिघडलेली डिस्क आणि शुद्ध केलेली पोथी

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, इतिहासाच्या मालिकेत हे कुठून आलं? विषय आहे बाहेरून जोडायची हार्ड डिस्क आणि तिच्यात बिघडणाऱ्या फायली. पण गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्या घरांचा इतिहास कुठे जाऊन बसला आहे ते बघा. पणजोबांच्या मोडी कागदांचे फोटो, लग्नामुंजीचे व्हिडिओ, आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या, जमिनीच्या जुन्या कागदांच्या स्कॅन केलेल्या प्रती. सगळं त्या खिशात मावणाऱ्या डबीत. आणि एके दिवशी ती डबी संगणकाला लावली की पडद्यावर सूचना येते: वापरण्याआधी ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल. करायची का?

या क्षणी काय करायचं, हा वरवर तांत्रिक प्रश्न आहे. पण बिघडलेल्या मजकुरातून मूळ मजकूर परत कसा मिळवायचा, हा प्रश्न संगणकापेक्षा पुष्कळ जुना आहे. मराठी मुलखात त्यावर दोन फार मोठी कामं झाली आहेत. आधी ती दोन कामं पाहू, मग डिस्कचा इतिहास पाहू, आणि मग पडद्यावरच्या त्या सूचनेकडे वळू.

पहिलं काम पैठणचं. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये नेवाशाला सिद्ध झाली. नऊ हजारांच्या घरातल्या ओव्या हाताने उतरवून घ्यायच्या, त्या प्रतीवरून दुसरी प्रत करायची, दुसरीवरून तिसरी. यात काय होतं? एखादी ओळ सुटते. जुना शब्द कळला नाही की त्याच्या जागी ओळखीचा शब्द येतो. एखादा भाविक प्रेमाने स्वतःचीच ओवी मध्ये घालतो. जवळजवळ तीनशे वर्षं हे चाललं. शेवटी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, संत एकनाथांनी ग्रंथ शुद्ध केला आणि पुढे कुणी यात आपली ओवी घालू नये अशी ताकीदही लिहून ठेवली. आज आपण वाचतो ती ज्ञानेश्वरी मुख्यतः त्या शुद्ध प्रतीच्या परंपरेतली. नाथांनी हे काम केलं नसतं तर आपल्या हाती काय आलं असतं, कल्पना करवत नाही.

पण एक गोष्ट राहिली. नाथांनी कोणता पाठ घेतला आणि कोणता सोडला, याची ओळीओळीची नोंद आपल्याकडे नाही. म्हणून नाथांच्या आधीची ज्ञानेश्वरी नेमकी कशी होती, यावर अभ्यासक पुढे वाद घालत राहिले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये एक प्रत छापली. ती नाथपूर्व आहे असं त्यांचं म्हणणं होतं. त्यावरही वाद झाला.

दुसरं काम पुण्याचं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर हे प्रमुख संपादक होते. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या, वेगवेगळ्या लिप्यांमधल्या १२५९ हस्तलिखितांचा या कामात उपयोग झाला. काम पुरं झालं १९६६ मध्ये, सुकथनकर गेल्यानंतर तेवीस वर्षांनी. पद्धत अशी की श्लोक जुळवून पाहायचे, सगळ्यात जुना वाटणारा पाठ वर छापायचा, आणि नाकारलेले पाठ तळटिपांत द्यायचे. फेकून काहीच द्यायचं नाही. उद्या एखाद्या अभ्यासकाला वाटलं की संपादकांचं इथे चुकलं, तर त्याला सगळा पुरावा त्याच पानावर मिळतो.

दोन्ही कामं थोर आहेत आणि त्यांचे काळही वेगळे आहेत. आपल्यापुरता मुद्दा एवढाच: दुरुस्ती करताना मूळ अवस्था जपून ठेवली, तर दुरुस्ती तपासता येते आणि चुकली तर मागेही फिरता येतं. हे लक्षात ठेवून आता डिस्ककडे वळू.

हार्ड डिस्कचा जन्म १९५६ चा. आयबीएम कंपनीच्या रॅमॅक या यंत्रात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, वजन टनाच्या आसपास, आणि मावायची सुमारे ५० लाख अक्षरं. आज मोबाइलवर काढलेल्या एखाद्या फोटोला तेवढी जागा लागते. तबकडीवर चुंबकीय लेप असतो, त्यावर बारीक बारीक खुणा उमटवायच्या आणि वाचायच्या. खुण पुसट झाली की वाचन चुकतं. म्हणजे चूक होणार हे पहिल्या दिवसापासून गृहीत होतं.

त्यावरचा उपाय डिस्कच्याही आधीचा. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये रिचर्ड हॅमिंग हे गणिती शनिवार-रविवारी यंत्राला गणितं लावून जात. यंत्राला चूक सापडली की ते काम तिथेच सोडून पुढच्या कामाला लागे, आणि सोमवारी हाती काहीच नसे. हॅमिंग यांनी विचारलं, यंत्राला चूक झाल्याचं कळतं, तर ती कुठे झाली हे का कळू नये? १९५० मध्ये त्यांनी उत्तर प्रसिद्ध केलं. मजकुरासोबत हिशेबाने काही जादा अंक लिहायचे. त्यांच्यावरून चुकीची जागा सापडते आणि चूक सुधारताही येते. १९६० मध्ये रीड आणि सॉलोमन यांनी याहून ताकदवान पद्धत दिली. हार्ड डिस्कमध्ये अशा पद्धती सतत काम करत असतात. लहानसहान चुका डिस्क मुकाट्याने दुरुस्त करते. तिच्या आवाक्याबाहेर गेलं की मगच ती सांगते, हा भाग वाचता येत नाही.

आपल्या पोथ्यांतही याचा एक साधा भाऊबंद होता. पोथीच्या शेवटी ग्रंथसंख्या लिहीत, बत्तीस अक्षरांचा एक श्लोक धरून. मोजणी जुळली नाही की काहीतरी सुटलंय हे कळायचं. कुठे सुटलं ते मात्र कळत नसे. संगणकात फायलीचा चेकसम काढतात, तोही एवढंच सांगतो: फाइल होती तशी आहे की बदलली.

पण घरच्या डिस्कवर पुष्कळदा पानं शाबूत असतात आणि अनुक्रमणिका बिघडलेली असते. कोणती फाइल डिस्कवर कुठे कुठे ठेवली आहे, याचा एक तक्ता असतो. मार्क मॅकडोनल्ड यांनी १९७७ मध्ये मायक्रोसॉफ्टसाठी फॅट नावाची पद्धत लिहिली, तिच्यात हाच तक्ता आहे. तो इतका नाजूक की पुढे त्याच्या दोन प्रती शेजारी शेजारी ठेवायची चाल पडली. १९९३ मध्ये एनटीएफएस आली. तिची युक्ती आपल्या दुकानदारांना सहज कळेल: आधी कीर्दीत नोंद, मग खतावणीत. मध्येच वीज गेली तर कीर्द पाहून खतावणी नीट करता येते. २००६ ची एक्सफॅट पद्धत विंडोज आणि मॅक दोन्हीकडे चालते, म्हणून बाहेरच्या डिस्कवर ती बरेचदा असते. पण तिच्यात कीर्द नाही, आणि तक्ताही सहसा एकच.

आता यात यूएसबीची भर घाला. पूर्वी डिस्क संगणकाच्या पोटात असायची. संगणक रीतसर बंद केला की राहिलेलं लिखाण पुरं व्हायचं. १९९६ मध्ये यूएसबी आली, २००० मध्ये तिची वेगवान दुसरी आवृत्ती आली, आणि डिस्क चालू असताना उपटून काढायची सोय प्रत्येकाच्या हाती आली. पडद्यावर कॉपी झाली असं दिसतं, पण शेवटचा भाग कधीकधी अजून संगणकाच्या स्मृतीतच असतो. विंडोजने २०१८ मध्ये ही उशिरा लिहायची सवय बाहेरच्या डिस्कसाठी मुळातूनच बंद ठेवली. तरीही कॉपी चालू असताना वायर ओढली तर तक्ता अर्धवट राहणारच. भारनियमनाच्या वर्षांत आपल्याकडे हेच काम वीज करत होती.

विजेचा आणखी एक मुद्दा. खिशातली डिस्क यूएसबीच्या वायरीतूनच वीज घेते. जुन्या पोर्टची हमी फक्त ५०० मिलिअँपिअरची. वायर लांब, जुनी किंवा ढिली असेल तर तबकडी नीट फिरत नाही, आणि शाबूत डिस्कही बिघडल्यासारखी वागते.

आता पडद्यावरच्या त्या सूचनेकडे. पहिलं काम, रद्द करा. फॉरमॅट म्हणजे जुन्या अनुक्रमणिकेच्या जागी कोरी अनुक्रमणिका. त्यानंतर त्या डिस्कवर काहीही लिहू नका. मग वायर बदला, पोर्ट बदला, दुसऱ्या संगणकावर लावून पाहा. कधीकधी एवढ्यावरच डिस्क उघडते. टकटक असा आवाज येत असेल तर मात्र लगेच बंद करा. वाचन करणारी सुई बिघडली असण्याची शक्यता असते, आणि प्रत्येक फेरीत नुकसान वाढू शकतं. अशी डिस्क घरी उघडायची नाही आणि फ्रीजमध्येही ठेवायची नाही, आत दव जमतं. ती डेटा रिकव्हरीचं काम करणाऱ्यांकडे न्या.

आवाज नसेल तर दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर पूर्ण नक्कल करून घ्या, बाइटला बाइट. जीएनयू डीडीरेस्क्यू हे फुकट साधन याचसाठी आहे. सहज वाचता येणारा भाग ते आधी उचलतं, अवघड जागा नंतर पुन्हा पुन्हा वाचून पाहतं, आणि काय मिळालं, काय राहिलं याची नोंद ठेवतं. दुरुस्तीचे सगळे प्रयोग या नकलेवर करायचे. टेस्टडिस्क हे साधन अनुक्रमणिका जुळवायचा प्रयत्न करतं. ती मुळीच जुळली नाही तर फोटोरेक हे साधन थेट पानं चाळतं. जेपेग फोटो ठरावीक बाइटनी सुरू होतो, त्यावरून ते फोटो ओळखून काढतं. नावं आणि फोल्डर जातात, पण चेहरे परत मिळतात.

आणि विंडोजचं चेकडिस्क? ते चांगलं साधन आहे, पण त्याचं काम अनुक्रमणिका सुसंगत करणं एवढंच. तुमचे फोटो वाचवणं ही त्याची जबाबदारी नाही. ज्या नोंदी जुळत नाहीत त्या ते कापतं, अनाथ तुकडे एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाकतं, आणि डिस्क पुन्हा उघडू लागते. आधी कसं होतं ते मात्र पुसलं जातं. म्हणून एकुलत्या एक प्रतीवर ते चालवू नका. नक्कल हाताशी असेल तर खुशाल चालवा.

एवढं करूनही काही वेळा हाती काही लागत नाही. सुकथनकरांकडे शेकडो हस्तलिखितं होती म्हणून तुलना करता आली. एकाच पोथीत किडीने खाल्लेलं पान कोणताही संपादक परत आणू शकत नाही. म्हणून प्रती किती हा प्रश्न आधीचा, आणि त्या कुठे हा त्याच्याइतकाच महत्त्वाचा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा दिवशी एकाच कपाटातल्या तीन डिस्क म्हणजे एकच प्रत. एक प्रत दुसऱ्या गावी, बहिणीकडे किंवा मुलाकडे असू द्या. आणि वर्षातून एकदा त्या उघडून पाहा, कारण नक्कल करणारं यंत्र जुन्या लेखनिकासारखंच असतं. समोर दिसलं ते उतरवतं. मूळ फाइल बिघडली असेल तर नक्कलही बिघडलेलीच निघते.

आणि शेवटी एक विनंती. मोडी कागद स्कॅन झाले म्हणून ते रद्दीत घालू नका. चांगल्या हातकागदाने दोन-तीनशे वर्षं काढल्याचे दाखले आपल्या दप्तरांत आहेत. डिस्कला जन्माला येऊन सत्तर वर्षंच होत आहेत. या रविवारी घरातली डिस्क लावा, दहा फायली उघडून पाहा, आणि दुसरी प्रत करा. भेटू पुढच्या भागात.