पन्नाशीनंतरचा रंगप्रवेश : धाराशिवच्या नव्या प्रौढ नटांसाठी कामाच्या वाटा

अभिनयाचे शिक्षण विशीतच घ्यावे, हा संकेत आता पूर्वीइतका काटेकोर राहिलेला नाही. शिक्षक, बँक कर्मचारी, एस.टी.चे वाहक, संसाराच्या जबाबदारीतून मोकळ्या झालेल्या गृहिणी अशी मंडळी चाळिशी-पन्नाशी उलटल्यावर नाट्यशास्त्राची पदविका घेतात, कार्यशाळांतून रीतसर धडे गिरवतात. प्रमाणपत्र हाती पडल्यावर मात्र 'पुढे काय?' हा प्रश्न उभा राहतो. पुरुषोत्तम करंडकासारख्या एकांकिका स्पर्धा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपुरत्या असल्याने ते दार बंदच असते आणि धाराशिवपासून मुंबई रात्रभराच्या प्रवासाइतकी दूर.

अशा वेळी डॉ. श्रीराम लागू यांचे उदाहरण हमखास दिले जाते. कान-नाक-घशाचे शल्यविशारद असलेल्या लागूंनी १९६९ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी वैद्यकीय व्यवसाय सोडून पूर्णवेळ अभिनय पत्करला आणि पुढच्याच वर्षी 'नटसम्राट'मधील अप्पासाहेब बेलवलकर उभे केले. परंतु त्याआधी महाविद्यालयीन दिवसांपासूनची हौशी रंगभूमीवरील तालीम त्यांच्या गाठीशी होती, हे सांगायचे राहून जाते. राज्य कामगार विमा महामंडळात नोकरी करणाऱ्या अमरीश पुरी यांचेही तसेच. चित्रपटांत चाळिशीच्या सुमारास स्थिरावण्यापूर्वी ते नाटकांत मुरलेले होते. नवशिक्या प्रौढ नटाला खरे जवळचे उदाहरण वीरा साथीदार यांचे. आंबेडकरी चळवळीतील हे नागपूरचे कार्यकर्ते व संपादक व्यावसायिक नट नव्हते. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) या चित्रपटात वयाची पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी लोकशाहीर नारायण कांबळे साकारला आणि त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दिग्दर्शकाला तेथे जगून आलेला चेहरा हवा होता. तो चेहरा हेच प्रौढ नटाचे भांडवल होय.

आरंभ जिल्ह्यातूनच करावा. अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेचे ९७वे नाट्यसंमेलन २०१७ साली उस्मानाबाद येथे, म्हणजे आजच्या धाराशिवला भरले होते. अध्यक्षपदी होते जयंत सावरकर. सहा दशकांहून अधिक काळ प्रामुख्याने चरित्र भूमिका करून आदरास पात्र ठरलेले नट. परिषदेच्या स्थानिक शाखेशी संबंध ठेवल्यास कोणता संघ कोणती संहिता बसवीत आहे, हे कळत राहते. हौशी संघांपुढची एक जुनी अडचण नव्या नटाच्या पथ्यावर पडते. पंचविशीतल्या मुलाच्या केसांना पांढरा रंग फासून त्याला बाप करण्याची वेळ दिग्दर्शकावर वरचेवर येते. तेथे खराखुरा पंचावन्न वर्षांचा, पाठांतर पक्के असलेला आणि तालमीला वेळेवर येणारा माणूस मिळाला, तर त्याला नकार कोण देईल?

सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या हौशी मराठी राज्य नाट्य स्पर्धेत पैसा मिळत नाही, उलट पदरमोड होते. तरीही अभिनयाची पारितोषिके, परीक्षकांच्या नजरेत येणे आणि नावापुढे लिहिता येईल असे एक काम, हे तिचे मोल आहे. सोलापूर हाकेच्या अंतरावर असल्याने तुळजापूर-धाराशिवच्या नटाने तेथील संघांचाही विचार करावा.

संघ मिळालाच नाही, तर एकपात्रीचा मार्ग आहे. मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात अध्यापन करणाऱ्या प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मधून ५०हून अधिक व्यक्तिरेखा एकट्याने रंगवल्या. त्या तोडीचे काम कोणी अपेक्षित धरत नाही. परंतु शाळांची स्नेहसंमेलने, ग्रंथालये, ज्येष्ठ नागरिक संघ यांना अर्ध्या-पाऊण तासाचा नेटका प्रयोग हवा असतो.

थोडेफार मानधन देणारी कामे तुलनेने शांतपणे चालतात. आकाशवाणी नाट्यकलावंतांची स्वरचाचणी घेऊन त्यांना श्रेणी देते. तेथे वयाने आलेला आवाजाचा पोत उपयोगी पडतो. शासकीय योजनांच्या प्रचारासाठी जिल्हा माहिती कार्यालयामार्फत लोककला व पथनाट्य पथकांची निवडसूची केली जाते. ही निवड पथकांची होत असल्याने एखाद्या पथकात सामील होणे श्रेयस्कर. गोंधळ, आराधी गीते आणि भारूड यांची परंपरा असलेल्या या जिल्ह्यात अशी मंडळी शोधण्यास फार कष्ट पडू नयेत. ज्येष्ठ कलावंतांच्या मानधन योजनेवर मात्र नव्याने आलेल्यांनी विसंबू नये. तिला कलाक्षेत्रातील दीर्घ योगदानाची अट आहे.

दूरचित्रवाणी व चित्रपटांचे गणित वेगळे. 'लागिरं झालं जी' (२०१७-१९) या मालिकेने साताऱ्याकडील स्थानिक रंगकर्मींना काम दिले. 'सैराट' (२०१६) तर परंड्याला लागून असलेल्या करमाळा तालुक्यात चित्रित झाला. ग्रामीण कथानकाला सरपंच, आजी, चुलता, फौजदार, हेडमास्तर लागतातच. येथे बोली ही मोठी पुंजी आहे. उमरग्याच्या माणसाला मराठवाडी मराठीबरोबर दखनी आणि पुष्कळदा कन्नडही येते. हैदराबाद संस्थानाचा आणि सीमेच्या शेजाराचा हा वारसा परिचयपत्रात ठळकपणे लिहावा. 'प्रमाण मराठी'च्या धास्तीने ती बोली पुसून टाकणारे नट पाहिले की हळहळ वाटते.

पहिली चाचणी आता बहुधा भ्रमणध्वनीवरच होते. साधी भिंत, समोरून येणारा उजेड, स्वच्छ ध्वनी. आरंभी नाव, खरे वय, उंची, गाव आणि भाषा, मग मिनिटभराचा प्रवेश. छायाचित्रे दोन-तीन पुरेत, मात्र ती ताजी हवीत. केस रंगवून दहा वर्षांनी तरुण दिसण्याचा मोह टाळावा, कारण निवड करणारा बहुधा त्या पांढऱ्या केसांसाठीच आपल्याकडे वळलेला असतो.

पैशाच्या बाबतीत दोन गोष्टी. नोंदणी, 'कार्ड' किंवा छायाचित्रसंचासाठी आगाऊ रक्कम मागणाऱ्याला काम देण्यात रस नसतो. खरे निवडकर्ते नटाकडून पैसे घेत नाहीत. दुसरे, मालिकांचे दैनिक मानधन बहुधा नव्वद दिवसांनी हाती येते. एक दिवसाच्या कामासाठी जाण्यायेण्याचा व मुक्कामाचा खर्च कोण करणार, हे निघण्यापूर्वीच लेखी ठरवावे. निवृत्तिवेतन किंवा शेतीचा आधार असेल तर ही प्रतीक्षा सोसते. मुंबईत खोली घेऊन बसणे मात्र बहुतेकांना परवडणारे नाही. अद्याप शासकीय सेवेत असणाऱ्यांनी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ पाहावेत आणि मोबदल्याचे काम घेण्यापूर्वी कार्यालयाची परवानगी घ्यावी.

राज्य नाट्य स्पर्धेच्या प्रवेशिका सहसा पावसाळ्यात मागवल्या जातात आणि प्राथमिक फेरी दिवाळीच्या पुढेमागे सुरू होते. संघांशी बोलणी आषाढ-श्रावणातच झालेली बरी; गणपतीनंतर पात्रयोजना ठरून गेलेली असते.