बेसिकचें सामायिक भांडार

पंतोजींच्या शाळेंत मुलें पावकी, निमकी, औटकी घोकीत. पुढें दुकानीं बसल्यावर प्रत्येक हिशेब मुळापासून मांडण्याचें कारण त्यांस पडत नसे. पूर्वीं कोणी केलेली मेहनत आयती उपयोगी पडे. संगणकाच्या इतिहासांतही हेंच घडलें आहे.

अमेरिकेंतील डार्टमथ कॉलेजांत जॉन केमेनी व टॉमस कर्ट्झ या दोन गणिताच्या प्राध्यापकांनीं बेसिक ही भाषा सिद्ध केली. १ मे १९६४ रोजीं पहांटे ती प्रथम चालली. शास्त्राच्या वाटेस न जाणाऱ्या विद्यार्थ्यांसही संगणक वापरतां यावा, हा त्यांचा हेतु होता.

बेसिकमध्यें प्रत्येक ओळीस क्रमांक असे. वारंवार लागणारा भाग एकदांच लिहावा, 'गोसब' म्हणून तेथें जावें व 'रिटर्न' म्हणून परतावें, अशी सोयही होती. परंतु जुन्या बेसिकमध्यें अशा भागास स्वतःचें नांव नसे, स्वतःचीं अक्षरेंही नसत. दुसऱ्याचा भाग आपल्या आज्ञावलींत घेतांना तोच क्रमांक पुन्हा आला, कीं आधींची ओळ पुसली जाई. एकाच्या 'ए'वर दुसऱ्याचा 'ए' बसे आणि उत्तर चुके. म्हणून जाणते लोक असे तयार भाग ९००० सारख्या दूरच्या क्रमांकांवर ठेवीत व कोणतीं अक्षरें खर्चीं पडलीं तें 'रेम'च्या टिपणांत नोंदवीत.

१९७३ सालीं डेव्हिड आल यांनीं १०१ खेळांच्या आज्ञावल्यांचा संग्रह छापविला. वाचक त्या हातानें उतरवीत, चुकत, चुका शोधीत व शेवटीं खेळच बदलून टाकीत. असें शिक्षण वर्गांत क्वचितच मिळतें.

मात्र याच सुमारास वादही उपस्थित झाला. बिल गेट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आल्टेअर यंत्रासाठीं लिहिलेल्या बेसिकच्या प्रती पैसे न देतां हातोहात फिरूं लागल्या. फेब्रुवारी १९७६ मध्यें गेट्स यांनीं हौशी मंडळींस अनावृत पत्र लिहून, फुकट राबण्यास कोण तयार होईल, असा सवाल केला. ही तक्रार निराधार नव्हती. परंतु त्याच वर्षीं डेनिस अॅलिसन यांच्या आराखड्यावरून 'टायनी बेसिक' तयार होऊन नियतकालिकांत छापलें गेलें. ली-चेन वँग यांनीं तर आपल्या आवृत्तीवर 'सर्व हक्क राखीव' या ठराविक वाक्याची थट्टाच उडविली.

एकाचें काम त्याच्या इच्छेविरुद्ध घेतलें गेलें. दुसऱ्यांनीं आपलें काम आपल्या हातानें वाटलें. या दोहोंस एकाच मापानें मोजणें न्यायाचें नव्हे. शिवाय नुसत्या औदार्यानें भागत नाहीं. भाग कोठें सुरू होतो, कोणतीं अक्षरें वापरतो, काय घेतो व काय देतो, हें लिहून ठेवणाऱ्याचाच संग्रह दुसऱ्याच्या कामीं आला. टिपणावांचून दिलेली आज्ञावली म्हणजे किल्लीवांचून दिलेली पेटी होय.