बुर्जी

आमच्या रेल्वे इन्स्टिट्यूटच्या बुद्धिबळ स्पर्धेत गेल्या वर्षी माझा एक डाव बरोबरीत सुटला. समोर खात्यातलाच तमिळ सहकारी. दोन तास घासाघीस करून पटावर उरले नुसते दोन राजे! हात मिळवताना माझ्या तोंडून निघून गेले, "बुर्जी." त्याला शब्द कळेना, आणि मला तो इंग्रजीत सांगता येईना.

बुर्जी हा आपल्या देशी बुद्धिबळातला शब्द. प्रांतोप्रांती नियम थोडेफार निराळे, पण आजोबांनी मला शिकवले ते असे : समोरच्याची सगळी मोहरी मारली जाऊन राजा एकटा उरला, की बुर्जी. तुमच्याकडे वजीर असो वा हत्ती, ती मात नव्हे, डाव बरोबरीत. त्यामुळे जिंकत आलेला गडी शेवटचे प्यादे मारायला कचरायचा. ते जिवंत ठेवूनच मात करावी लागे. आंतरराष्ट्रीय नियमांत ही दयामाया नाही. तिथे एकट्या राजाला राजा आणि हत्ती मिळून जास्तीत जास्त १६ चालींत मात करतात. देशी खेळात शह बसला नसेल तर राजाला एकदा घोड्याची उडी घेता येई. ती सोडून किल्लेकोट शिकणे मला फार जड गेले.

अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ १९५१ साली स्थापन झाला आणि १९५५ मध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली ती एलुरूला. आपल्या चेन्नई-हावडा मार्गावर विजयवाड्याच्या पुढचे हे स्टेशन. १९५३ पर्यंत ते मद्रास राज्यातच होते. या स्पर्धेचाही निकाल बरोबरीचाच! आपले रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या हे संयुक्त विजेते ठरले. पुढे १९५९ पासून आपल्या चेन्नईच्या मॅन्युएल आरन यांनी हे विजेतेपद नऊ वेळा मिळवले, १९६१ मध्ये ते भारताचे पहिले इंटरनॅशनल मास्टर झाले. आरन आणि आनंद ही नावे इथे कोणालाही विचारा. सप्रे मात्र आपल्या मराठी मंडळींत किती जणांना ठाऊक आहेत? एलुरूवरून इतक्यांदा गेलो, मलाही नव्हते.

सहकाऱ्याला हे सगळे कँटीनमध्ये कॉफी घेताना सांगितले. आता यंदा गणपतीत एक डाव देशी नियमांनी खेळायचे ठरले आहे. शेवटचे प्यादे मारायचे नाही, एवढे त्याला बजावून ठेवले आहे.