राजाचा चेहरा आणि लोकांची छिन्नी

वेबसाइट 'डिफेस' करणं म्हणजे काय, हे आपल्या लाइनमधल्या मंडळींना सांगायला नकोच. होमपेजवर घुसायचं आणि मालकाच्या फोटोला मिशा काढायच्या! फ्रेंच लोकांनी १८७० मध्येच हे केलं होतं, फक्त त्यांचं होमपेज म्हणजे नाणं.

२ सप्टेंबर १८७० ला सेदानला तिसरा नेपोलियन प्रशियाच्या हाती सापडला. मग लोकांनी त्याच्या ५ आणि १० सांतिमच्या ब्राँझच्या नाण्यांवर छिन्नी चालवली. सम्राटाच्या डोक्यावर चक्क शत्रूचं टोकदार शिरस्त्राण! कुठे तोंडात चिरूटही. आज जगभर लोक ही नाणी जमवतात. घेताना एक बघा: कोरलेली रेघ बाकीच्या नाण्याइतकीच झिजलेली हवी. झिजलेल्या नाण्यावर रेघ कोरी करकरीत असेल, तर काम हल्लीचं समजावं.

मी मूळचा अंबडचा. साहजिकच प्रश्न पडला, आमच्याकडे असं का सापडत नाही? अंबड निजामाच्या राज्यात, चलन हाली शिक्का. त्यावर चेहराच नाही, नुसती अक्षरं. मिशा काढणार कुठे? :)

पण ती अक्षरं वाचली की गंमत कळते. १८५७ पर्यंत हैदराबादचं नाणं पडायचं दिल्लीच्या बादशहाच्या नावानं, ज्याची सत्ता लाल किल्ल्यापुरती उरली होती. निजामाचं स्वतःचं काय, तर नावाचं एक आद्याक्षर. बादशाही बुडाल्यावर नाव आलं आसफजाहचं, म्हणजे १७४८ मध्ये वारलेल्या मूळपुरुषाचं! सोबत ९२ हा आकडा, अबजद पद्धतीनं 'मुहम्मद' या नावाची बेरीज. पुढे विसाव्या शतकात चारमिनार आला, पण चेहरा नाहीच. थोडक्यात, थट्टा टांकसाळीतच होऊन बाहेर पडत होती, तीही सरकारी खर्चानं.

बरं, इंग्रजांच्या कलदार रुपयावर व्हिक्टोरियाचा चेहरा होता की! मग तिला का सोडलं? मला वाटतं, उत्तर धातूत आहे. फ्रेंच नाणं ब्राँझचं, चिल्लर. कलदार म्हणजे ११.६६ ग्रॅमचं चांदीचं नाणं. चांदी खरवडली की सराफ वजनात कापणार. गरिबाला राणीची टिंगल परवडणारी नव्हती.

आपल्या बायांनी मात्र त्याच रुपयाला कडी जोडली आणि गळ्यात माळ घातली. राणीचा चेहरा छातीवर मिरवला, पण राणीच्या प्रेमापोटी नव्हे. दुष्काळात मोडता येईल अशी ती बँक होती. संग्राहक अशा नाण्याला 'खराब' म्हणतात आणि निम्मी किंमत लावतात.

मी ती मुद्दाम घेतो. शिरस्त्राणवाला नेपोलियन लोकांचा राग सांगतो, कडीवाला रुपया लोकांची काळजी. इतिहास म्हणून मला दोन्हींची किंमत सारखीच वाटते. तुमच्या आजीच्या डब्यात असा रुपया असेल, तर कडी काढून 'साफ' करू नका, एवढीच विनंती.