आहारतंतू

आहारतंतू : वनस्पतिजन्य अन्नातील ज्या घटकांचे मानवाच्या लहान आतड्यात पचन व शोषण होत नाही, अशा घटकांचा समूह. सेल्युलोज, हेमिसेल्युलोज, पेक्टिन, डिंक व लिग्निन यांचा त्यात अंतर्भाव होतो. व्यवहारात त्यांना ‘चोथा’ असे म्हणतात. चोथा म्हणजे निरुपयोगी शेष, ही समजूत शास्त्रातही दीर्घकाळ टिकून होती. ती बदलल्यामुळे भरड धान्यांचे मोल नव्याने ठरविणे भाग पडले.

मापन व संज्ञा : १८६० च्या सुमारास जर्मनीतील वेंडे येथे हेनेबर्ग व श्टोमान यांनी जनावरांच्या वैरणीच्या परीक्षणासाठी एक पद्धती बसविली. तीत नमुना प्रथम सौम्य अम्लात व नंतर सौम्य अल्कलीत उकळतात आणि उरलेल्या भागातून राख वजा करून ‘कच्चा तंतू’ ठरवितात. या क्रियेत विद्राव्य तंतू आणि हेमिसेल्युलोज व लिग्निन यांचा बराच भाग निघून जातो. तरीही मानवी अन्नाच्या कोष्टकांत हेच मापन शंभर वर्षांहून अधिक काळ वापरात राहिले. ‘आहारतंतू’ ही संज्ञा हिप्सली यांनी १९५३ मध्ये प्रथम योजिली. युगांडात वैद्यकी केलेले डेनिस बर्किट व ह्यू ट्रॉवेल यांनी १९७० नंतर तंतूंची उणीव आणि बद्धकोष्ठ, मोठ्या आतड्याचे विकार, मधुमेह यांचा संबंध मांडला. १९८५ पासून एंझाइमांच्या साहाय्याने एकूण आहारतंतू मोजण्याची पद्धती प्रमाणभूत झाली.

मापन बदलताच आकडे पालटले. भारतीय खाद्यपदार्थांच्या १९७१ च्या कोष्टकांत दर १०० ग्रॅममागे कच्चा तंतू नाचणीत ३.६ ग्रॅम, ज्वारीत १.६ ग्रॅम व बाजरीत १.२ ग्रॅम दाखविला आहे. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या कोष्टकांत एकूण आहारतंतूंचे प्रमाण नाचणीत सु. ११.२, ज्वारीत १०.२ व बाजरीत ११.५ ग्रॅम आहे. गिरणीत सडलेल्या तांदळात ते सु. २.८, तर कोंडा न काढलेल्या तांदळात ४.४ ग्रॅम आहे.

उल्हास खोऱ्यातील आहार : या बदलाचा अर्थ भातपट्ट्यात स्पष्ट दिसतो. ठाणे जिल्ह्याच्या अंबरनाथ तालुक्यातील वांगणी हे बदलापूर व शेलू यांच्या दरम्यानचे रेल्वे स्थानक अशाच पट्ट्यात आहे. येथील पारंपरिक शेतीत खाचरांत भात, डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी व वरी आणि भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल, असा क्रम असे. पावसाळ्यात शेवळे, टाकळा, कुरडू, भारंगी या रानभाज्यांची जोड मिळे. भात घिरटावर भरडून तूस काढीत आणि उखळात मुसळाने सडीत. त्यामुळे कोंड्याचा काही भाग तांदळावर राही. नाचणीचे पीठ जात्यावर कोंड्यासह दळले जाई.

कल्याण–खोपोली लोहमार्ग १८५६ मध्ये सुरू झाला. जवळच कर्जत येथे १९१९ मध्ये भात संशोधन केंद्र स्थापन झाले. ते आता दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. पुढे भातगिरण्यांचा प्रसार झाला. त्यांनी स्त्रियांचे सडणकांडणाचे कष्ट हलके केले, हा त्यांचा मोठा लाभ होय. परंतु पांढराशुभ्र तांदूळ प्रतिष्ठेचा ठरला आणि नाचणी हे गरिबाचे अन्न मानले जाऊ लागले.

सडीच्या तांदळाविरुद्धची पहिली टीका तंतूंच्या नव्हे, तर जीवनसत्त्वांच्या आधारे झाली. जावात आइकमान यांनी १८९० नंतरच्या दशकात बेरीबेरी व सडीचा तांदूळ यांचा संबंध दाखविला. कुन्नूर येथे मॅक्‌कॅरिसन यांनी भारतातील निरनिराळ्या प्रांतांचे आहार उंदरांना देऊन त्यांच्या वाढीची तुलना केली. त्यांत मराठी आहारही होता. वर्धा येथे १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखाली हातसडीच्या तांदळाचा पुरस्कार केला. पोषण व ग्रामीण रोजगार ही त्यामागील दोन कारणे होत. भातगिरण्यांवर नियंत्रण ठेवणारा १९५८ चा केंद्रीय कायदा १९९७ मध्ये रद्द झाला.

कार्य व मर्यादा : अविद्राव्य तंतू पाणी धरून मळाचे आकारमान वाढवितात. विद्राव्य तंतूंमुळे ग्लुकोजाचे शोषण मंदावते. इसबगोल व ओट यांतील तंतूंनी रक्तातील कोलेस्टेरॉल काही प्रमाणात घटते. मोठ्या आतड्यातील जंतू तंतूंचे किण्वन करून लघुशृंखल मेदाम्ले तयार करतात. त्यांपैकी ब्युटिरिक अम्ल तेथील पेशींचे पोषण करते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रौढांसाठी दररोज किमान २५ ग्रॅम तंतूंची शिफारस केली. तथापि कोंड्यातील फायटिक अम्ल लोहाचे शोषण कमी करते आणि लहान मुलांचे पोट चोथ्याने लवकर भरते. म्हणून निकृष्ट आहारात केवळ तंतू वाढविणे हितावह नाही.

खाद्यपदार्थ : बिस्किटे, पाव व न्याहारीच्या पदार्थांत कोंडा, इसबगोल वा इन्युलिन मिसळण्यात येते. भारतीय नियमांनुसार ‘तंतुसमृद्ध’ असा दावा करण्यासाठी घन पदार्थाच्या १०० ग्रॅममध्ये किमान ६ ग्रॅम तंतू लागतात. कोंड्यासह दळलेल्या नाचणीच्या पिठात मुळातच याहून अधिक तंतू असतात. शिवाय पूर्ण धान्यातून तंतूंबरोबर कॅल्शियम, लोह व ब जीवनसत्त्वेही मिळतात. मैद्यात नुसता तंतू मिसळल्याने ती भरपाई होत नाही.